भूकंपाच्या दिवशी मला हळद लागली होती

अकोल्यात जठारपेठेतल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो छातीवर हात ठेवून सांगेल की अमरावतीला एकदा भूकंप झाला होता आणि त्यात एका वकिलाचं घर पडलं होतं. ते घर माझ्या बापाचं. आणि ते पडलं नव्हतं. मी त्या दिवशी त्याच घरात अंगभर हळद लावून पाटावर बसले होते, अन् मी सांगते की भूकंपबिकंप काही झाला नाही. पण माझं ऐकतं कोण! आळीत कोणाची नवी सून आली की बायका तिला माझ्याकडे बोट करून सांगतात, "ह्याच त्या, भूकंपातल्या." आधी मी भांडायची. आता सोडून दिलं. त्या दिवसाचं मला स्वतःलाच सगळं नीट उमगलेलं नाही, तर दुसऱ्याला काय समजावणार, कपाळ!

त्या वर्षी संक्रांतीचा तिळगूळ अजून डब्यात होता तेव्हा बिहारातल्या धरणीकंपाची बातमी आली. बाबा ओसरीवर बसून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे आणि अर्धी आळी ऐकायला जमायची. जमीन फाटली, विहिरींतून वाळू वर आली, पक्की घरं बसली, असं काय काय. ऐकून बायका पदर तोंडाला लावायच्या. आमच्याकडे जमीन उन्हाळ्यात तशीही फाटते, काळ्या रानात पाय जाईल एवढाल्या भेगा पडतात. पण त्या वर्षी त्या भेगांकडेसुद्धा लोक संशयानं पाहायला लागले.

मग निघाले सांगणारे. कोणी म्हणे काशीच्या पंडितानं सांगितलं, कोणी म्हणे हिमालयातून एक साधू उतरला त्यानं सांगितलं. न्हावी म्हणे गोऱ्या साहेबांना केव्हाच ठाऊक आहे, ते मुद्दाम बोलत नाहीत. सगळ्यांचं एका गोष्टीवर मात्र जमलं. वैशाखातला अमुक एक दिवस, सूर्य माथ्यावरून कलला की वऱ्हाडात धरणी हलणार. हा दिवस पहिल्यांदा कोणी काढला ते आजपर्यंत मला सापडलेलं नाही. मी पुष्कळांना विचारलं. प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव घेतो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या लग्नाचा मुहूर्त होता. म्हणजे तो दिवस हळदीचा.

माझं लग्न त्याआधी एकदा ठरून मोडलं होतं. कशावरून मोडलं ते सांगत नाही, त्यात काही राम नाही. पण एकदा मोडलं म्हणजे लोक कुजबुजतात, आणि दुसऱ्यांदा मोडलं तर मग विचारूच नका. मायनं तेव्हापासून देवाला काय काय नवस बोलले होते, ते तिचं तिलाच ठाऊक. म्हणून अकोल्याचं हे स्थळ जुळलं तेव्हा ती दोन दिवस कोणाशी मोठ्यानं बोललीसुद्धा नाही, दृष्ट लागेल म्हणून.

भूकंपाची आवई पसरल्यावर नवऱ्या मुलाचे काका अकोल्याहून आले. म्हणाले, लग्न पुढे ढकलू. बाबा खो खो हसले.

"अहो, कोर्ट स्वतः तारीख देतं अन् स्वतःच पाळत नाही. भूकंप पाळणार आहे होय?"

काका हसले नाहीत. हसणारा माणूस नव्हताच तो. एवढंच म्हणाले की आता ढकललं तर मग पुढचं पुढे पाहू. ते 'पाहू' ऐकून माजघरात मायच्या हातातलं सूप थांबलं. लग्न काही ढकललं नाही. बाबांनी ढकलू दिलं नाही, असं बाबा सांगायचे. मला वाटतं मायच्या तोंडाकडे पाहून काकांनाच दया आली.

मायविषयी सांगायला पाहिजे. ती तेल्हाऱ्याकडची, शेतकऱ्याची मुलगी. वकिलाची बायको होऊन इतकी वर्षं झाली तरी तिची बोली तेल्हाऱ्याचीच राहिली, तिकडच्या बायकांसारखी स्वतःला 'येतो, जातो' म्हणायची, आणि तिचा विश्वास असा की कोणावरही बसायचा. काशीच्या पंडितावर बसला, न्हाव्यावर बसला, बाबा म्हणाले सगळं खोटं आहे तर त्यांच्यावरही बसला. सकाळी म्हणायची, "काही होत नाई, तुझे बाबा शिकेल माणूस हाय." संध्याकाळी पितळेची भांडी कोठीत खाली उतरवून ठेवायची, वरून पडू नयेत म्हणून.

मग सरकारनं दवंडी पिटवली की भूकंपाची बातमी खोटी आहे, लोकांनी घाबरू नये. झालं! ज्यांना नव्हतं ठाऊक त्यांनाही कळलं. "काही नाई तं दवंडी काहून पिटवून राहिले?" असं जो तो म्हणायला लागला. त्यात आणखी गंमत अशी की अमरावतीचे लोक म्हणायचे जोर अकोल्याकडे आहे आणि अकोल्याचे म्हणायचे जोर अमरावतीकडे. इकडचे तिकडे नातेवाइकांकडे निघाले, तिकडचे इकडे. बडनेऱ्याच्या स्टेशनावर दोन्हीकडची माणसं वळकट्या घेऊन एकमेकांसमोर उभी राहिली आणि कोणाचं खरं यावरून तिथंच भांडली. माझं सासरचं वऱ्हाड त्याच गर्दीतून आलं. त्यांच्यासोबत अशीही काही माणसं आली ज्यांचा ना मुलाकडून संबंध होता ना मुलीकडून. त्यांना उतरायला जानोसा एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनाच्या आवारात दिला होता, जागा मोकळी होती, तेवढंच बरं.

हळदीचा दिवस उजाडला. जानोशाकडून नवऱ्या मुलाची उष्टी हळद वाजत आली, बायकांनी मला पाटावर बसवलं आणि गाणी म्हणत म्हणत चोपडली. पायापासून कपाळापर्यंत. हातात अडकित्ता दिला, हळदीच्या मुलीजवळ लोखंड असावं म्हणून. तोपर्यंत सगळं ठीक होतं. शेवटचा हात फिरवून माय सहज म्हणाली, "आता उंबरा नाई ओलांडाचा बरं, उद्या अंतरपाट धरेपर्यंत." आणि बोलता बोलता ती थांबली. वाटी तिच्या हातातच राहिली.

तुम्ही म्हणाल हे आधी कोणाच्या लक्षात कसं नाही आलं? मलाही तेच कळत नाही. दुपारी सगळ्यांनी घर सोडून मोकळ्यावर जाऊन बसायचं, हे बोलणं आठ दिवस चाललं होतं. हळद लागल्यावर मुलीनं उंबरा ओलांडायचा नाही, हे तर पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. दोन्ही गोष्टी त्याच घरात, त्याच तोंडांनी, पण एकीची दुसरीशी गाठ कोणी घातलीच नाही. हळद लागलेली मुलगी उंबऱ्याबाहेर गेली तर तिचं कुंकू पुसतं, असं आमच्याकडे मानायचे. आणि आत राहिली तर दुपारी घर अंगावर.

"मी बसते आत," मी म्हटलं. "काही होत नाही." मी पाच इयत्ता शिकलेली, बापासारखी टेचात बोलायची. पण बोलता बोलता मी वर आढ्याकडे पाहिलंच. खोटं कशाला बोलू?

भटजींना विचारलं. ते म्हणाले, शास्त्रात भूकंपासाठी सूट सांगितलेली नाही. थोड्या वेळानं म्हणाले, नाहीच असंही म्हणता येत नाही. आणि दक्षिणेचं ताट तिथंच ठेवून ते छत्री घेऊन रस्त्यावर गेले. बाबांनी सांगितलं, कोणीही कुठेही जायचं नाही, हा सगळा अडाणीपणा आहे. मग ते स्वतः खुर्ची घेऊन बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. लोकांना धीर द्यायचा होता म्हणे.

तोडगा काढला मामानं. मायचा धाकटा भाऊ, तेल्हाऱ्याहून लग्नाला आलेला, हाडापेरानं आडदांड. तो बराच वेळ वर पाहत उभा होता. म्हणाला, "पोरीले बाहेर नाई नेता येत ना? मंग छप्पर बाहेर नेऊ."

"म्हंजे?"

"कवेलू काढून टाकतो. पोरगी घरात, पन डोक्यावर काही नाई. पडाचंच काय मंग?"

हसू नका. त्या दिवशी त्या घरात यापेक्षा शहाणं कोणी काही बोललं नव्हतं. मायच्या डोळ्यांत पाणी आलं. मामा शिडी लावून वर चढला आणि माझ्या खोलीवरचे कवेलू, म्हणजे कौलं, एकेक करून काढायला लागला. खाली बायका भुवया उंचावून पाहत होत्या. निघालेले कवेलू त्यानं खाली फेकले नाहीत, परत लावायचे होते ना. ते त्यानं मागच्या पडवीच्या छपरावर रचून ठेवले, थप्पीवर थप्पी. पडवीचं छप्पर म्हणजे जुने बांबू आणि त्यावर तुराट्या. पण तेव्हा तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

दुपार चढली. तुम्हाला वऱ्हाडातलं वैशाखातलं ऊन ठाऊक असेल तर मी काय सांगू, आणि ठाऊक नसेल तर सांगून कळायचं नाही. मी त्या उघड्या खोलीत पाटावर बसलेली, अंगावर हळद वाळून तडकायला लागली, तळव्यांची तेवढी घामानं ओलीच. मायनं माझ्या दुसऱ्या हातात कांदा दिला, ऊन लागू नये म्हणून. एका हातात अडकित्ता, एका हातात कांदा. असं ध्यान! बाहेर सगळी आळी रस्त्यावर, कोणी डोक्यावर सतरंजी धरून, कोणी ओला पंचा गुंडाळून. दोघींना तर खरंच ऊन लागून ओकाऱ्या झाल्या. जनावरांना आधी कळतं म्हणून आमच्या शेळीला मधोमध बांधून लोक तिच्या तोंडाकडे पाहत होते. ती रवंथ करत होती. मधेच ती ओरडली की चार बायका रामनाम सुरू करायच्या.

माय माझ्याजवळ बसायला तयार होती. पण माझा धाकटा भाऊ तेव्हा अंगावर पिता होता आणि सारखा किरकिरत होता. त्याला घेऊन आत बसायचं कसं, आणि मला सोडून बाहेर जायचं कसं? ती बाहेर जायची, उंबऱ्यापाशी परत यायची, माझ्याकडे पाहायची, पुन्हा बाहेर. तिच्या फेऱ्या बघून मला राग यायला लागला. "माय, एका जागी बस ना!" मी ओरडले. ती म्हणाली, "बसतो वं बाई, बसतो," आणि बाहेर गेली.

सूर्य माथ्यावरून कलला. मला ते समोरच दिसत होतं, डोक्यावर छप्परच नव्हतं ना. भिंतीची सावली बोटभर पुढे आली. बाहेर एकदम सगळे गप्प झाले. शेळीसुद्धा.

आणि मागं धडाड्‌कन आवाज झाला.

काय आवाज होता तो! जमीन हलली. हलली म्हणजे काय, मला हलल्यासारखी वाटली. आजही शपथेवर विचाराल तर मी हलली म्हणेन आणि लगेच नाही म्हणेन. मागून धुळीचा लोट आला, मला काही दिसेना. हातातला कांदा कुठे गेला, अडकित्ता कुठे गेला, मी उठले आणि दाराकडे पळत सुटले. बाहेर एकच ओरड, "आला! आला! वकिलाचं घर गेलं!" पळापळ, मुलांचं रडणं. सगळी माणसं घरापासून लांब पळत होती. आणि त्या सगळ्यांच्या उलट्या दिशेनं एक बाई घराकडे पळत येत होती.

उंबऱ्यावर आमची गाठ पडली. मला वाटलं ती मला हात धरून बाहेर ओढेल. तिनं माझ्या दोन्ही खांद्यांना धरलं आणि मला आत ढकललं. जोरात. मी पाठीवर पडले. क्षणभर तिचं तोंड दिसलं, आणि ते मला आवडलं नाही, ओळखीचं वाटलं नाही. जी बाई आठ दिवस घर पडणार म्हणून जेवली नव्हती, तिनं मला त्याच घरात लोटलं. मग तीही आत आली, माझ्यावर पालथी पडली आणि दोन्ही हातांनी माझं डोकं झाकून घेतलं.

आम्ही तशा किती वेळ होतो कोण जाणे. तिच्या अंगाला दुधाचा वास येत होता. थप्प्या सावरायला मामा वरच थांबला होता, तिथून त्याचा आवाज आला, "अवो ताई, भूकंप नाई हो! कवेलू घसरले! पडवी बसली!" तो भिंतीवर लोंबकळत होता बिचारा. पण बाहेरच्या कालव्यात त्याचं कोण ऐकतं!

झालं होतं ते असं. त्या थप्प्यांच्या वजनानं मागची पडवी खाली आली होती. नेमकी त्या वेळेला. एक घटका आधी आली असती किंवा एक घटका नंतर, तर आज मी तुम्हाला हे सांगत बसले नसते.

माय उठली, पदर सारखा केला. लुगडं पुढून सगळं पिवळं झालं होतं, माझ्या हळदीनं. बाहेर बाबा उभे होते, कडेवर माझा भाऊ, पायांत एकच जोडा. मायनं पळताना पोर त्यांच्या हातांत कोंबलं होतं. ते लोकांना सांगत होते की हा भूकंप नाही, आणि लोक त्यांना सांगत होते, वकीलसाहेब, आता तरी कबूल करा.

एवढ्यात जानोशाकडून बायका धावत आल्या, पुढे नवऱ्या मुलाची मावशी. तिनं घर पाहिलं, छप्पर नसलेली खोली पाहिली, आणि पहिला प्रश्न विचारला तो हाच:

"मुलगी बाहेर आली होती का?"

मी आत उंबऱ्यापाशी उभी होते. मला तेव्हा दिसलं. बाहेर ओसरीच्या दगडावर, उंबऱ्याच्या पलीकडे, एक पाऊल उमटलेलं होतं. पिवळं. पाचही बोटं दिसावीत असं. म्हणजे माझा एक पाय बाहेर पडला होता. मला आठवत नाही, पण पाऊल काही दुसऱ्या कोणाचं नव्हतं.

मी पाहते तोच माय बाहेर गेली आणि त्या पावलावर पाय देऊन थांबली. पाहुण्यांसमोर कधी उभी न राहणारी बाई, ती ताठ उभी राहिली. "नाई जी," ती म्हणाली, "आतच होती. मी होती ना तिच्याजवळ." मावशी बोलत राहिली, माय तिथून हलली नाही. चला बसा म्हणायचीसुद्धा शुद्ध तिला नव्हती. सगळ्या बायका आत गेल्यावर ती खाली वाकली आणि पदराच्या टोकानं दगड पुसला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. भटजी अक्षता टाकताना वर छपराकडे पाहत होते.

लग्नाचं वऱ्हाड अकोल्याला परत गेलं ते बातमी घेऊनच. अमरावतीला भूकंप झाला, आम्ही डोळ्यांनी पाहिला, मुलीच्या बापाचं घर पडलं. मी पालखीतून उतरायच्या आधी ही बातमी उतरली. मी सांगून पाहिलं, कवेलू होते हो, कवेलू! सासूबाई म्हणाल्या, "हो हो, घाबरलीस तू." त्यानंतर काशीच्या त्या पंडिताला मान मिळाला तो माझ्या मामाच्या कवेलूंमुळे, पण मामाचं नाव कोणी घेत नाही.

माझ्या मनात मात्र एकच गोष्ट सलत राहिली, ते ढकलणं. घर पडतं आहे असं तिला पुरतं वाटत होतं, तरी तिनं मला आत ढकललं. माझ्या जिवापेक्षा तिला लग्न जास्त होतं का? पहिलं मोडलं तसं दुसरं मोडू नये म्हणून? रात्री झोप लागायची नाही. ती अकोल्याला आली की मी तिच्याशी तुटक बोलायची, आणि तिला वाटायचं मला सासरी त्रास आहे. ती मात्र यायची तेव्हा दारातच पहिलं विचारायची, "जावई बरे हायेत ना?" माझी चौकशी नंतर. त्याचाही मला राग यायचा.

शेवटी एकदा विचारलं. आम्ही दोघी शेवया वळत बसलो होतो, घरात दुसरं कोणी नव्हतं. म्हटलं, "माय, त्या दिवशी तू मला आत का लोटलंस?"

तिनं हात थांबवला नाही. वळता वळता म्हणाली, "मले काहीच समजलं नाई वं. बाहेर काढली तं तुझं कुंकू जाईन, आत ठेवली तं तूच जाशीन. दोन्ही खरंच वाटून राहिलं होतं मले. मंग म्हटलं, तिले आत लोटतो अन् मी बी जातो. जे होईन ते दोघींचं होईन."

पीठ हाताला चिकटून वाळलं होतं ते मी खरवडत बसले. मग म्हटलं, "अन् माय, तो पाय?"

"कोनता पाय?" ती म्हणाली. तिनं बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. "जावई नाई आले वं अजून जेवाले?"

"येतील. सकाळची कचेरी सुटायची आहे."

"उशीर झाला आज," ती म्हणाली, आणि पिठाचे हात तसेच घेऊन उठली अन् दारात जाऊन रस्त्याकडे पाहत उभी राहिली.